रिपोर्ट हिरवा, तरी गाडी ओढते: वायरलेस मापन आर्मचं रीडिंग कुठे फसतं?

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. पुढून ठोकलेली हॅचबॅक बेंचवर, म्हणजे बॉडी सरळ करायच्या फ्रेमवर, चढते. चेन लावून पुलिंग (वाकलेला भाग ओढून सरळ करणं) होतं, क्रॉस मेंबर (पुढची आडवी पट्टी) आणि अप्रन (चाकावरचा आतला पत्रा) बदलले जातात, मापन आर्मने सगळे पॉइंट मोजले जातात आणि स्क्रीनवर सगळं हिरवं, म्हणजे सूटीत. प्रिंट विम्याच्या सर्वेयरकडे, गाडी ग्राहकाकडे. मग काही दिवसांत तीच गाडी पुन्हा दारात: "स्टिअरिंग जरा सैल सोडलं की डावीकडे ओढते." बेंचवर चढवून तोच पॉइंट मोजावा, तर आकडा चार मिमीने वेगळा. अशा वेळी शॉपमधलं कुणीतरी ठेवणीतलं वाक्य काढतंच, "साहेब, वायरलेस आहे ना, सिग्नल गंडत असेल."

सिग्नलच्या नावावर बिल फाडणं सोपं, कारण सिग्नल उलट उत्तर देत नाही. पण त्यामुळे होतं काय, की नवा डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा ब्लूटूथ रिसीव्हर) येतो, इंजिनिअरची व्हिजिट लागते, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं जातं आणि पुढच्या गाडीला तीच कथा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

इथे मी हाताने टोक लावून मोजायच्या आर्मबद्दलच बोलतोय. स्वीडनची कार-ओ-लायनर असो, फ्रान्सची सेलेट असो की इटलीची स्पॅनेसी, गाभा तोच. आर्मच्या प्रत्येक सांध्यात कोन मोजणारा एन्कोडर असतो. आर्मच्या तुकड्यांची लांबी मशीनला ठाऊक असते. कोन कळले की टोक नेमकं कुठे आहे ते त्रिकोणमितीने निघतं: लांबी, रुंदी, उंची. हे आकडे ब्लूटूथने कॉम्प्युटरकडे जातात आणि तिथे डेटाशीटशी, म्हणजे त्या मॉडेलच्या मूळ मापांच्या तक्त्याशी, ताडून पाहिले जातात. म्हणजे मोजण्याचं काम सांधे करतात, रेडिओ फक्त निरोप पोचवतो. आणि तो निरोप डिजिटल असतो. प्रत्येक पाकिटासोबत तपासणीचा आकडा असतो. पाकीट वाटेत बिघडलं तर ते टाकून दिलं जातं आणि पुन्हा मागवलं जातं. निघताना १२४६ असलेला आकडा पोचताना १२५० होत नाही. तो बरोबर पोचतो, उशिरा पोचतो किंवा पोचतच नाही.

म्हणून पहिला प्रश्न एवढाच विचारा: आकडा गोठतोय की बदलतोय? गोठत असेल, तुटत असेल, तर रेडिओकडे बघा. बदलत असेल तर रेडिओला सोडा.

आकडा गोठतो तेव्हा

याला किरकोळ समजू नका. वायरलेसमुळे गाडीचं खरंखुरं नुकसान होण्याची वाट हीच आहे. टोक पॉइंटवर ठेवून लाइव्ह मोडमध्ये पुलिंग चाललंय, बेंचचा टॉवर (खेचायचा खांब) चेन खेचतोय, स्क्रीनवर अजून ६ मिमी बाकी दिसतंय. मधेच संपर्क अडकला आणि सॉफ्टवेअरने शेवटचा आकडा तसाच धरून ठेवला. खेचणारा ६ च बघतोय आणि पंप मारतोय. संपर्क परत येतो तेव्हा पॉइंट चार मिमी पलीकडे गेलेला असतो. जास्त ओढलेलं लाँग मेंबर (बॉडीच्या लांबीतला मुख्य दांडा) उलटं ढकलून जागेवर आणणं म्हणजे डोकेदुखी, आणि पत्रा दोनदा दमतो ते वेगळंच. म्हणून पंपाला हात लावण्यापूर्वी आर्मच्या टोकाला बोटाने किंचित धक्का द्या. स्क्रीनवर आकडा थरथरला तरच पुलिंग सुरू. मध्ये थांबलात की पुन्हा तेच.

संपर्क तुटण्याची कारणं साधी असतात. आर्मची बॅटरी उतरलेली. डोंगल कॉम्प्युटरच्या मागे, लोखंडी ट्रॉलीच्या पोटात, आणि आर्म गाडीच्या पलीकडच्या अंगाला, म्हणजे मध्ये दीड टन पत्रा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि शॉपचा वायफाय बहुतेकदा त्याच पट्ट्यात असतो. डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टात, हार्ड डिस्कच्या शेजारी असेल, तर तो पोर्ट स्वतःच त्या पट्ट्यात गोंगाट करतो. शे-दोनशे रुपयांची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या, डोंगल ट्रॉलीच्या वर आणा, जिथून आर्म डोळ्यांना दिसते तिथे. निम्म्याहून अधिक कटकट तिथेच संपते. विंडोजमध्ये वीज वाचवण्यासाठी ब्लूटूथ झोपवण्याची परवानगी असते, ती काढून टाका. पेअरिंग नव्याने केलं असेल तर कॉम पोर्टचा नंबर बदललेला असू शकतो, सॉफ्टवेअरमध्ये तो बघून घ्या. आणि शेजारच्या बेंचवर स्पॉट वेल्डिंग चालू असताना मोजू नका. इलेक्ट्रोडमधून हजारो अँपिअर जातात, आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सला ते मानवत नाही. आपल्याच गाडीवर वेल्डिंग असेल तर आर्म उतरवून बाजूला ठेवायची.

आकडा बदलतो तेव्हा

खरी शोधाशोध इथे आहे, आणि सुरुवात बेसपासून. गाडीच्या मधल्या, न ठोकलेल्या भागातले चार पॉइंट घेऊन सॉफ्टवेअर आपली जमीन आणि मधली रेघ ठरवतं. पुढचं सगळं माप त्यावरून निघतं. बेस तीन मिमीने चुकला तर गाडीत बाकी काहीच खरं राहत नाही.

समजा पुढच्या आणि मागच्या बेस पॉइंटमध्ये १२०० मिमी अंतर आहे. पुढच्या जोडीची उंची तीन मिमीने खाली नोंदली गेली. आता तिथून आणखी १२०० मिमी पुढे, क्रॉस मेंबरपाशी, तीनाचे सहा होतात. चांगला असलेला भाग स्क्रीनवर सहा मिमी वर उचललेला दिसतो, आणि मागच्या बेसच्या मागे हजार मिमीवरचा भाग, तोही चांगलाच, अडीच मिमी खाली गेलेला दिसतो. अगदी सी-सॉ. म्हणून पुढून ठोकलेल्या गाडीचे मागचे दोन पॉइंट आवर्जून मोजा. जिथे मार बसलेलाच नाही तिथे लाल दिसलं आणि पुढच्या चुकीच्या उलट चिन्हाचं दिसलं, की चेन खाली ठेवा आणि बेस पुन्हा घ्या. चूक एकाच बाजूच्या पॉइंटची असेल तर गाडी पिळल्यासारखी दिसते. ती सरळ करायच्या नादात चांगली गाडी खरंच पिळली जाते.

तीन मिमी कुठून येतात? आपल्याकडे त्याचं एक हमखास उत्तर आहे: अंडरबॉडी कोटिंग. गाडी घेतानाच शोरूममध्ये कोटिंग मारून देतात, मग पहिल्या पावसाळ्याआधी गॅरेजवाला आणखी एक हात मारतो. भोकाच्या कडेला तो काळा थर दोन-तीन मिमीचा सहज असतो. आर्मचं शंकूसारखं टोक भोकात पुरतं बसत नाही, खालीच अडकतं, आणि उंची तेवढीच कमी नोंदली जाते. त्यात पावसाळ्यातला वाळलेला चिखल आणि भोकात बसलेला रबरी प्लग. पॉइंट घेण्याआधी स्क्रेपर आणि वायर ब्रशने कड पत्रा दिसेपर्यंत साफ करायची, काम झालं की तिथे पुन्हा कोटिंग मारायचं. दहा मिनिटांचं काम आहे. ते टाळलं जातं, कारण खाली झोपून वायर ब्रश मारताना सगळा चुरा डोळ्यांत येतो. गॉगल लावा.

बेस पॉइंट चांगले आहेत हे गृहीतही धरू नका. सेकंडहँड गाडीचा जुना अपघात कागदावर नसतो. चार पॉइंटच्या दोन्ही कर्णांची तुलना ट्रॅम गेजने (दोन टोकं असलेल्या मापाच्या दांड्याने) आधी करून घ्या. कर्ण जुळत नसतील तर त्या चौकटीवर पुढची मापं उभी करण्यात अर्थ नाही, दुसरी जोडी शोधा.

ट्रॅम गेजचा विषय निघालाच आहे तर एक नेहमीचा वाद इथेच मिटवू. जुना मिस्त्री टेप लावतो आणि म्हणतो, "तुझं मशीन १२०० सांगतंय, टेप १२३७ येते, खोटं कोण बोलतंय?" दोघंही खरं बोलतात. डेटाशीटमधली लांबी जमिनीला समांतर अशा सपाटीवर उतरवून मोजलेली असते. टेप एका पॉइंटपासून दुसऱ्यापर्यंत सरळ, तिरकी जाते. दोन पॉइंटमध्ये लांबी १२०० आणि उंचीचा फरक ३०० असेल तर तिरकं अंतर १२३७ च येणार. टेपने फक्त डावी-उजवी आणि कर्ण-कर्ण ताडून बघा. शीटमधल्या आकड्याशी थेट लावू नका.

आता अडॅप्टर. शीटमध्ये पॉइंटच्या शेजारी छोटं चित्र असतं: भोक, बोल्टचं डोकं, लांबट खाच, स्टड. चित्र न बघता टोक लावलं की फसलातच. बोल्ट काढून भोक मोजलं आणि शीट बोल्टच्या डोक्याची उंची सांगत असेल, तर डोक्याच्या जाडीइतका फरक येणार, आणि तो प्रत्येक वेळी तितकाच येणार. असा फरक सर्वात घातक, कारण पुन्हा पुन्हा मोजूनही तो जुळतो आणि माणसाला खात्री पटते. इंजिन-सस्पेन्शन बसवलेलं असताना आणि उतरवलेलं असताना काही पॉइंटची मापं वेगळी दिलेली असतात. सॉफ्टवेअरमध्ये योग्य तो पर्याय निवडलाय ना, हे काम सुरू करणाऱ्यानेच नाही, तर मधे काम हातात घेणाऱ्यानेही बघायचं. आदल्या दिवशी इंजिन आत होतं, आज बाहेर आहे, जॉब तोच चालू आहे: गोंधळ असाच होतो. एक्स्टेन्शन रॉडची लांबीही तशीच. आर्मवर शंभरचा रॉड लावला आणि स्क्रीनवर दोनशेचा निवडलेला असेल, तर चूक लगेच दिसते. अवघड पडतं ते टोकांचं, कारण दोन शंकू दिसायला जवळजवळ सारखे असतात. डब्यात प्रत्येक टोकाला त्याची खूण ऑइल पेंटने लिहून ठेवा.

डेटाशीट चुकीची निवडली जाणं हेही वाटतं त्यापेक्षा जास्त घडतं. चार मीटरच्या आतल्या गाड्यांना करात सवलत असल्याने आपल्याकडे हॅचबॅक आणि तिची सेडान बहीण एकाच प्लॅटफॉर्मवर निघते. २०१८ ची स्विफ्ट ३८४० मिमी लांब, त्याच पिढीची डिझायर ३९९५ मिमी. व्हीलबेस मात्र दोघींचा २४५०. बेस बिनतक्रार बसू शकतो आणि मागे गेल्यावर मापं हुकायला लागतात. इनोव्हाचं तर विचारूच नका: क्रिस्टा लॅडर फ्रेमवर (वेगळ्या चासीवर), हायक्रॉस मोनोकॉक (बॉडी-चासी एकच), आणि जॉब कार्डवर नुसतं 'इनोव्हा' लिहिलेलं. जॉब कार्ड वाचून शीट उघडू नका, व्हीआयएन, म्हणजे चासी नंबर, बघा.

गाडी किंवा आर्मचा पायाच हलला असेल तर? चार क्लॅम्प सिलच्या (दाराखालच्या पट्टीच्या) पिंच वेल्डला, म्हणजे पत्रे जोडलेल्या कडेला, धरतात. एखादा क्लॅम्प कोटिंगवर बसला असेल तर पुलिंगच्या जोराने गाडी त्यात घसरते, आणि घसरल्याचा आवाजही येत नाही. दर मोठ्या पुलनंतर एक बेस पॉइंट पुन्हा तपासायचा. हलला असेल तर चारही नव्याने.

आणि शेवटी आर्म स्वतः. एक मीटरच्या आर्मला एका सांध्यात एक दशांश अंश चूक असेल तर टोकाला पावणेदोन मिमी फरक पडतो. आर्म कुणी पाडली असेल (आणि पाडणारा ते सांगणार नाही), तर एवढं सहज होतं. तपासायला सर्व्हिस इंजिनिअरची वाट बघायला नको. बेंचवरचं एखादं स्वच्छ भोक घ्या. कोपर डावीकडे वळवून मोजा, मग आर्मचा पाया न हलवता कोपर उजवीकडे वळवून तेच भोक मोजा. चांगली आर्म दोन्ही वेळा साधारण एक मिमीच्या आत तेच सांगते. फरक दोन-तीन मिमी आला तर कॅलिब्रेशनला पाठवा, मागचं सर्टिफिकेट कितीही ताजं असू दे.

उन्हाळ्यात एक सबब हमखास कानावर येते, की पत्रा तापून वाढला. हिशेब करा: चार मीटरचं स्टील १५ अंशांनी तापलं तर सगळ्या लांबीत मिळून ०.७ मिमी वाढतं. चार मिमीची जबाबदारी उन्हावर टाकता येत नाही.

एवढं सगळं प्रत्येक वेळी करत बसायचं का? नाही. आकडे ज्या पद्धतीने बिघडलेत त्यावरूनच दिशा कळते. सगळे पॉइंट एकाच दिशेने सारखेच सरकलेत, तर गाडी क्लॅम्पमध्ये किंवा आर्म तिच्या पायावर हलली. बेसपासून लांब जावं तसा फरक वाढतोय, तर बेस चुकला. कोपर वळवलं की बदलतोय, तर सांधा. एकच पॉइंट वेडा आणि बाकी शहाणे, तर तिथलं अडॅप्टर बघा, भोक फाटून लांबट झालंय का बघा. हे दोन्ही ठीक असेल तर गाडी तिथे खरोखर वाकलेली आहे आणि मशीन आपलं काम करतंय.

सगळं हिरवं, आकडाही स्थिर, तरी ओढते

आधी एक साधी शक्यता. शेवटचं माप चेन ताणलेली असताना घेतलं होतं का? ताण सोडला की पत्रा काही मिमी मागे येतो. पुलिंग थोडं पुढे नेऊन, ताणातच आसपास हातोडीने ठोके देऊन पत्र्यातला ताण मोकळा करायचा, मग चेन पूर्ण ढिली करून मोजायचं. प्रिंट त्याच मापाची काढायची. वेल्डिंगने जोडही आकसतो, म्हणून टॅक (कच्चे टाके) मारल्यावर एकदा आणि पूर्ण वेल्ड थंड झाल्यावर एकदा. मागे न येण्यासाठी गॅसने लाल करायचा जुना उपाय हाय-स्ट्रेंग्थ स्टीलवर करू नका, त्याची ताकदच जाते. बोरॉन स्टीलचा पिलर तर सरळ करायच्या भानगडीत न पडता बदलायचाच.

दुसरी शक्यता मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हिरवं म्हणजे शून्य नव्हे. बहुतेक शीटमध्ये सूट अधिक-उणे तीन मिमीची असते. दोन्ही स्ट्रट टॉवर (पुढच्या सस्पेन्शनचा माथा जिथे बसतो ते भाग) तीन-तीन मिमी डावीकडे सरकलेत असं समजा. दोन्ही हिरवे, दोन्ही नियमात. खालच्या बॉल जॉइंटपासून स्ट्रटच्या माथ्यापर्यंत सहाशे मिमी धरले, तर तीन मिमी म्हणजे कॅम्बरमध्ये (समोरून बघता चाकाच्या कलण्यात) जवळपास ०.३ अंश. एका चाकाचा तेवढा वाढला, दुसऱ्याचा तेवढा कमी झाला, म्हणजे दोन बाजूंत ०.६ अंशांच्या आसपास फरक. दोन्हीकडचा कॅम्बर अर्ध्या अंशाहून जास्त वेगळा असला की बऱ्याच गाड्या ज्या बाजूचा कॅम्बर अधिक, म्हणजे चाकाचा माथा जास्त बाहेर, त्या बाजूला ओढायला लागतात, आणि इथे ती बाजू डावी. मशीन खोटं बोललेलं नाही. त्याला विचारलं होतं "सूटीत आहे का?" आणि त्याने "आहे" म्हटलं.

म्हणून स्ट्रट टॉवर, सबफ्रेमची (इंजिन-सस्पेन्शन धरणाऱ्या खालच्या चौकटीची) भोकं आणि लोअर आर्मचे माउंट या जागी रंग बघू नका, चिन्हासकट आकडा वाचा. डावी-उजवी बेरीज-वजाबाकी करा. दोन्हीकडे एकाच दिशेला फरक असेल तर तो मिमी-दीड मिमीवर आणेपर्यंत गाडी खाली उतरवू नका. बॉनेटच्या गॅपला हीच गोष्ट लागू. डावं अप्रन तीन आत आणि उजवं तीन बाहेर असेल तर दोन्ही हिरवे, पण गॅप ग्राहकाला लांबूनही दिसतो. सबफ्रेम बोल्टवर बसते आणि तिच्या भोकांत खेळ असतो. बॉडी अचूक करून सबफ्रेम तिरकी कसली, की कॅम्बर पुन्हा एकीकडे अधिक, दुसरीकडे उणा. लोकेटिंग पिन असेल तर वापरा, नसेल तर बसवल्यावर तिचेही पॉइंट मोजा.

एरवी टो (वरून बघता चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) दुरुस्त करून बरेच जण सुटका करून घेतात. टो नीट केल्याने स्टिअरिंग सरळ होतं, टायर घासायचे थांबतात, पण कॅम्बरमुळे किंवा कॅस्टरमुळे (स्टिअरिंगच्या आसाच्या पुढे-मागे कलण्यामुळे) आलेली ओढ त्याने जात नाही. अलाइनमेंटच्या कागदावर पुढच्या दोन्ही चाकांचा कॅम्बर आणि कॅस्टर शेजारी-शेजारी वाचा आणि तो कागद मापाच्या प्रिंटसोबतच जॉब कार्डला टाचा. तीच गाडी परत आली तर सहा महिन्यांनी हे दोन कागदच कामाला येतात. बंपरमागे रडार किंवा काचेवर कॅमेरा असलेल्या गाडीचं कॅलिब्रेशन यानंतर करायचं, आधी नाही.

आणि परत आलेली गाडी थेट बेंचवर घेण्याआधी पुढचे दोन टायर आपसात बदलून एक चक्कर मारा. टायर एकाच दिशेने फिरणारे असतील, बाजूवर बाण असेल, तर हे करू नका. बाकी गाड्यांत ओढ डावीकडून उजवीकडे गेली तर दोष टायरचा आहे, आर्म बाहेर काढायचीही गरज नाही.